गरुडाचा तो मेसेज आणि खरी घार

रानजाई
५ जुलै, सकाळी ९:१०

चाळिशीला आलेला गरुड उंच डोंगरावर जाऊन बसतो, दगडावर आपटून चोच तोडतो, नवी चोच आली की तिनं नखं उपटतो, मग पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नवा जन्म घेऊन पुढची तीस वर्षं जगतो. हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या गटावर परत फिरून आलाय. ह्या वेळी नववीतल्या भाचीनं तो शाळेतल्या भाषणासाठी निवडला, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

गोष्ट खरी नाही. चोच नसलेला शिकारी पक्षी मांस फाडणार कशानं? पाच महिने लांबच राहिले, तो त्याच्या कितीतरी आधी उपासमारीनं मरेल. चोच आणि नखं आयुष्यभर वाढत असतात आणि वापरानं झिजत असतात, ती मुद्दाम तोडायची वेळच येत नाही. आणि पिसं तर शिकारी पक्ष्याची कधीच एकदम जात नाहीत.

खरं काय होतं ते बघायला डोंगरावर जायला नको, गच्चीवर जाऊन मान वर केली तरी पुरे. आपल्याकडं शहरात घारी भरपूर. एखादी घार डोक्यावरून संथपणे गिरकी घेत असते, तेव्हा तिच्या पंखांची मागची कड बघा. वर्षातले काही महिने त्या कडेत एक फट दिसते, आणि दुसऱ्या पंखातही जवळपास तिथंच तशीच फट असते. तिथलं जुनं पीस गळलेलं असतं आणि नवं अर्धं वाढलेलं असतं. ते पुरतं आलं की शेजारचं गळतं. दोन्ही बाजूंची पिसं साधारण जोडीनं जातात, त्यामुळे तोल सुटत नाही. सगळी पिसं बदलायला कितीतरी महिने लागतात, पण ह्या काळात तिचं उडणं थांबत नाही, शिकार थांबत नाही.

आता मला सांगा, शिकायचंच असेल तर ह्या दोन्हींतलं कोणतं शिकावं? मेसेज म्हणतो, सगळं सोड, एकटा जा, स्वतःला रक्तबंबाळ कर, मग नवा होशील. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, घराचे हप्ते आहेत, त्याला हे कसं जमायचं? त्याला वाटतं आपल्यात धमकच नाही. घारीचं उदाहरण त्याच्या कामाचं आहे. दोन पिसं बदल, तेवढी फट सोसून उडत राहा, पोटापाण्याचं बघत राहा, मग पुढची दोन.

माझं म्हणणं एवढंच आहे की निसर्गाकडून शिकायचं असेल तर आधी पोटभर बघायला हवं, धडा मागाहून. आपण बहुतेक वेळा धडा आधी ठरवतो आणि त्याला शोभेल असा प्राणी शोधतो. तर इथं सगळ्यांनी स्वतः बघितलेलं लिहा. फॉरवर्ड नकोत.

सातपुडा
५ जुलै, सकाळी ९:४२

+१. आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये हीच गोष्ट स्लाइडवर होती. त्याच आठवड्यात काही लोकांना कामावरून कमी केलं होतं आणि उरलेल्यांना हे दाखवत होते. फार वाईट वाटलं होतं.

वाचतोय. घारीचं माहीत नव्हतं, आज बघतो.

दिंडीकर
५ जुलै, सकाळी ११:२०

रानजाईताई, धागा चांगला आहे. गरुडाच्या गोष्टीला माझाही पाठिंबा नाही. पण एक शंका मनात आली ती विचारतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूताचा संवाद आहे. अवधूत चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, साप, कोळी, शेवटी कुंभारमाशी. मध्ये काही माणसंही आहेत. नाथमहाराजांनी पैठणला सुरू करून काशीत १५७३ साली पूर्ण केलेली टीका ह्याच स्कंधावर आहे, आणि हे गुरू त्यांनी इतके खुलवून सांगितलेत की आमच्या गावात अक्षर न वाचता आलेल्या बायांनासुद्धा अजगर आणि मधमाशी तोंडपाठ होत्या.

आता तुमची कसोटी लावायची तर हेही फॉरवर्डच म्हणायचे का? दृष्टांताचं काम ऐकणाऱ्याच्या मनात दिवा लावायचं असतं. दिवा लागला की काडी कोणत्या लाकडाची होती हे कुणी विचारत नाही.

रानजाई
५ जुलै, दुपारी ३:०५

दिंडीकरकाका, तुम्ही हा विषय काढलात ह्याचा फार आनंद झाला. त्या संवादावर माझं मनापासून प्रेम आहे, आणि ते प्रेम आहे तो बघणारा म्हणून.

कोळी घ्या. अवधूत म्हणतो, कोळी स्वतःतून धागा काढतो, त्यात वावरतो आणि परत तो गिळून टाकतो, तसंच ईश्वर विश्वाचं करतो. गोल जाळं विणणारे बरेच कोळी खरोखरच जुनं जाळं खाऊन टाकतात आणि तेच द्रव्य नव्या धाग्यात वापरतात. पहाटे कुंपणाशी थांबलं तर हे दिसतं. कोळी जाळ्यातले धागे तोडत, गोळा करत तोंडाशी नेत असतो. ज्यानं हा दृष्टांत पहिल्यांदा दिला त्यानं ते नक्की बघितलं होतं.

कुरर पक्षी घ्या. त्याच्याकडं मांसाचा तुकडा असतो म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकतो आणि सुखी होतो. मासळीबाजाराच्या मागे अर्धा तास थांबा. एका घारीनं काही उचललं की दुसऱ्या दोघी आणि कावळे तिच्यामागे. तुकडा सुटला की त्या क्षणी पाठलागही संपतो. शब्दाशब्दाला खरं.

पण कुंभारमाशी. तिथं मात्र अडतं. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच माशी होते, असा तो दृष्टांत. मी आमच्या मागच्या पडवीत हे सगळं बघत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती आधी ओल्या मातीची छोटी गोळी तोंडात धरून आणते. पुढच्या पायांनी आणि जबड्यानं ती लांबट पट्टी करून लावते, परत जाते, दुसरी आणते. खिडकीच्या चौकटीवर बघता बघता अरुंद गळ्याचं मडकं उभं राहतं. मग ती पोटाचं टोक त्या गळ्यातून आत घालते आणि आतल्या छताला बारीक तंतूनं लोंबतं असं एक अंडं घालते. अंडं आधी, शिधा नंतर, हे लक्षात ठेवा. त्यानंतर हिरव्या अळ्या येतात. प्रत्येक अळीला नांगी मारलेली असते. ती मेलेली नसते, नुसती हलू शकत नाही, आणि जिवंत असल्यामुळे कुजत नाही. पुरेशा अळ्या भरल्या की मडक्याचं तोंड मातीनं बंद. आत अंड्यातून निघालेलं पिल्लू ह्या अळ्या खातं, कोष करतं आणि काही आठवड्यांनी मडक्याला कडेनं भोक पाडून नवी माशी बाहेर येते.

जुन्या माणसानं काय बघितलं? माशीनं अळी नेली. दार लावलं. काही दिवसांनी तिथूनच माशी निघाली, अळी नाहीशी. दोन्ही टोकं त्यानं अचूक बघितली, मधलं भिंतीआड राहिलं, आणि ती जागा ध्यानानं भरून काढली.

आणि ती गुणगुण! लोक म्हणतात माशी अळीच्या कानात मंत्र देते. कोळी साठवणारी तिची दुसरी जातभाई आहे, ती शेजारी शेजारी खोल्या बांधून वरून लिंपते. ती माती लावताना मोठ्यानं भुणभुणते, मी अगदी जवळून ऐकलंय. त्या थरथरीनं माती सैल होते आणि आधीच्या थरात नीट मिसळते. गवंडीकाम चालू असतं तिथं.

तुमच्या दिव्याला माझी हरकत नाही. पण मडकं फोडून आत बघितल्यावर मला जे दिसलं तेही काही कमी नाही. आई आपल्या लेकराचं तोंडसुद्धा बघणार नाही, तरी त्याला पुरेल एवढं मोजून ठेवून जाते.

उलटतपासणी
५ जुलै, रात्री ९:३०

इथं मला दोघांशीही मतभेद नोंदवायचा आहे.

रानजाई, तुम्ही शेवटच्या ओळीत तेच केलंत ज्याला तुमचा आक्षेप आहे. माशीच्या बाजूनं बघितलं म्हणून 'आईची माया' दिसली. अळीच्या बाजूनं बघा. जिवंत आहे, हलता येत नाही, आणि कुणीतरी तिला खातंय. डार्विननं १८६० साली एसा ग्रे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं होतं. त्यात जिवंत सुरवंटाच्या आत राहून त्याला खाणाऱ्या माश्यांचं उदाहरण देऊन तो म्हणतो की दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वरानं असे जीव मुद्दाम घडवले असतील हे माझ्या मनाला पटत नाही. तोही तुमच्याइतकंच बारकाईनं बघत होता.

चातक घ्या. एकनिष्ठेचं प्रतीक, पावसाच्या थेंबाशिवाय पाणी शिवत नाही वगैरे. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेतून येणारा, केसाळ सुरवंट खाणारा हा पक्षी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो आणि पिल्लं त्यांच्याकडून वाढवून घेतो. ह्यातून कोणता धडा काढायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मला भीती वेगळीच आहे. निसर्गात आहे म्हणून बरोबर, असं एकदा म्हणायला लागलो की मोठा मासा लहान माशाला खातो हेही त्यात येतं. आणि ते वापरलं गेलंय. माणसांना वर-खाली लावताना 'हा निसर्गाचाच नियम' हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल आपण. निसर्ग बघावा, समजून घ्यावा. नीती मात्र माणसानं माणसात बसून ठरवावी.

दिंडीकर
६ जुलै, सकाळी ६:५०

उलटतपासणी, तुमचा शेवटचा परिच्छेद मला मान्य आहे. पण अवधूताकडं परत एकदा बघा. त्यानं मासा गुरू केला तो जिभेच्या मोहापायी गळाला लागतो म्हणून. पतंग रूपाला भुलून आगीत जातो म्हणून. हत्ती, हरिण, कबुतर, ह्या सगळ्यांकडून तो 'असं करू नये' हेच शिकतो. म्हणजे निसर्गात आहे म्हणून चांगलं, असं तो कुठंच म्हणत नाही. निवड त्यानं स्वतःच्या बुद्धीनं केली, आणि यदूला तसं स्पष्ट सांगितलंही.

रानजाईताई, कुंभारमाशीचा दृष्टांत मी सोडणार नाही. माणूस ज्याचा ध्यास घेतो तसा होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, माणसांत बघितलंय, त्याला माशीच्या साक्षीची गरज नाही. कोळ्याचा दृष्टांत मात्र यंदा चातुर्मासात पहाटेच्या कुंपणासकट सांगणार आहे.

शिवारकर
६ जुलै, दुपारी १:१५

राम राम मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, कापूस आणि सोयाबीन. इथं मोठी मोठी माणसं बोलायलीत, मी आपलं शिवारातलं सांगतो.

आमच्याकडं म्हणतात टिटवीनं उंच जागी, बांधावर अंडी घातली तर पाऊस लई होणार आणि खाली नाल्याच्या अंगाला घातली तर कमी. वडील ह्याच्यावर पेरणीचा अंदाज करायचे. मी काही वर्षांपासून वहीत लिहायला लागलो, अंडी कुठं दिसली आणि पर्जन्यमापकात किती पडला. काही मेळ बसत नाही. टिटवीला खडे असलेली उघडी जागा पायजे, तिथं अंडं खड्यात मिसळून जातं. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. नांगरट कुठं झाली, वाट कुठून गेली, त्याच्यावर तिची जागा ठरते. पावसाचं तिला काही माहीत असेल असं मला वाटत नाही.

पण त्याच टिटवीचं एक बघितलं. मे महिन्यात ऊन असं की खड्याला हात लावता येत नाही. ती उठती, कॅनॉलवर जाती, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवती आणि परत येऊन अंड्यावर बसती. गार करायला. परत जाती, परत येती. आपण उबवणं म्हणजे ऊब देणंच समजतो. ती गारवा देत होती.

आता खरा विषय. कापसाचा. पहिला महिना-दीड महिना झाला की मावा, तुडतुडे दिसायला लागतात. पऱ्हाटीवर मुंग्या चढ-उतार करायल्या की समजायचं मावा आलाय, कारण माव्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात. पानं चिकट झाली की आपला जीव घाबरतो आणि पंप पाठीला लावतो. दुकानदार दोन औषधं एकत्र करून देतो. मी पण तेच करायचो, सगळेच करतात.

कृषी खात्याच्या शेतीशाळेत आम्हाला एक काम दिलं होतं. फवारायचं नाही, आधी पानाच्या खालची बाजू उलटून बघायची. तिथं मला एक काळपट, लांबुळकी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी दिसली. आमच्यातले निम्मे लोक म्हणाले ही नवीन कीड, चिरडा. ती ढालकिड्याची अळी होती. मोठा ढालकिडा सगळे ओळखतात, लाल, गोल, काळे ठिपके. त्याचं पोरगं त्याच्यासारखं अजिबात दिसत नाही. मी बसून बघितलं. माव्याच्या घोळक्यात शिरली, एकाला धरलं, चोखलं, टाकलं, दुसरा. थांबायचं नाव नाही. त्याच पानावर क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या दुसऱ्या एका किड्याची अंडी पण होती. केसासारखा बारीक देठ उभा आणि त्याच्या टोकाला पांढरं अंडं. तीन-चार एका रांगेत. आजवर मी त्याला बुरशी समजत होतो.

पहिली फवारणी लवकर केली की मावा तर मरतो, पण ही पण मरतात. मावा महिन्याभरात परत येतो, आणि ही लवकर येत नाहीत. मग दुसरी फवारणी, तिसरी. खर्च तिथं वाढतो.

तर धडा म्हणाल तर मला एवढाच मिळाला की घाईनं शत्रू ठरवू नये. भावकीतल्या एका भांडणात मला ह्याचा उपयोग झाला, पण ते इथं लिहीत नाही.

रानजाई
६ जुलै, दुपारी २:००

शिवारकरदादा, तुमच्या प्रतिसादावर काय लिहू कळत नाही. हा धागा ह्याचसाठी काढला होता. टिटवीची वही जपून ठेवा, आणि जमलं तर तिचे फोटो इथं टाका.

सातपुडा
६ जुलै, दुपारी २:२०

शिवारकर, ढालकिड्याच्या अळीचा फोटो नेटवर शोधला. आमच्या गुलाबावर दिसायची आणि आम्ही ती झटकून टाकायचो. घरात सगळ्यांना दाखवला.

अबोली_नाशिक
६ जुलै, रात्री १०:४५

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

मागच्या पावसाळ्यात माझी नोकरी गेली. ते दिवस मी माहेरी होते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी होती. मला कुणाशी बोलायचं नसायचं म्हणून मी तिथं जाऊन बसायचे.

घरटं विणतो तो नर, हे मला तिथं कळलं. पिवळ्या डोक्याचा. उसाच्या पानावर बसायचा, कडेला चावून एक खाच करायचा, ती कड चोचीत धरून उडायचा आणि उडताना पान चिरत जाऊन लांब हिरवी पट्टी त्याच्या चोचीत यायची. आधी फांदीला गाठी, मग कडी, मग वरून छत. घरटं अर्धं झालं की तो लोंबकळत पंख फडफडवायचा, ओरडायचा. मादी यायची, आत शिरायची, इकडं तिकडं चोच लावून बघायची. आणि बऱ्याचदा निघून जायची.

एका नराचं अर्धं घरटं असंच राहिलं. कुणी पसंत केलं नाही. ती हिरवी पट्टी वाळून तपकिरी झाली. हा शेजारच्या फांदीवर नवी गाठ मारत होता. चिडला, खचला असं काही दिसलं नाही. अर्थात मला पक्ष्याच्या मनातलं कळत नाही. पण मी तेव्हा इंटरव्ह्यू देत होते आणि कुठून कुणी काही कळवतच नव्हतं. त्याला बघून मी दुसऱ्या दिवशी परत अर्ज करायला बसायचे. एवढं खरं आहे.

उलटतपासणी
७ जुलै, सकाळी ८:१५

अबोली, तुम्ही फार चांगलं लिहिलंय, आणि जे दिसलं तेवढंच लिहिलंय ह्याची मला कदर आहे.

थोडी भर घालतो. सुगरणीचा हा सगळा व्यवहार पहिल्यांदा नीट उलगडला तो आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला. सालिम अलींची त्या वेळी नोकरी गेलेली होती आणि ते तिथं राहत होते. रोज त्या वसाहतीसमोर बसून त्यांनी नोंदी केल्या आणि पुढं त्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या. नर अर्धं घरटं बांधतो, मादी पसंत करते, मग नर ते पुरं करतो, मादी अंड्यांवर बसली की हा पुढचं घरटं बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. पिल्लांचं पाहणं बहुतेक मादीकडं.

सुगरणीवरून गृहिणीला उपदेश करणाऱ्यांनी आणि 'आदर्श कुटुंब' सांगणाऱ्यांनी हे वाचावं. माझा मुद्दा तोच राहतो. घरट्याचा पहिला भाग उचलला तर चिकाटी, दुसरा उचलला तर आणखी काही.

अबोली_नाशिक
७ जुलै, सकाळी ११:३०

त्यांचीही नोकरी गेली होती हे मला माहीत नव्हतं. हे वाचून खूप बरं वाटलं, धन्यवाद.

तुमचा मुद्दा समजला. पण मी त्या पक्ष्याला आदर्श नवरा किंवा आदर्श कुणी मानलंच नाही. मला त्याच्याकडून फक्त त्या एका गोष्टीत आधार मिळाला. ओळखीच्या माणसाकडूनही आपण एखादीच गोष्ट घेतो, त्याचं सगळं आयुष्य घेत नाही.

दिंडीकर
७ जुलै, सकाळी ११:५०

अबोलीताई, हेच अवधूताचं उत्तर आहे. चोवीस गुरू त्यानं ह्याचसाठी केले. एकाकडून एक.

येऊरकर
७ जुलै, संध्याकाळी ७:०५

आमच्या बाजूला कारवी आहे. सह्याद्रीच्या उतारांवर सगळीकडं असते. सात-आठ वर्षं नुसती हिरवी झाडी, उन्हाळ्यात वाळक्या काड्या, आदिवासी पाड्यांवर ह्याच काड्यांच्या कुडाच्या भिंती. आणि मग एका पावसाळ्याअखेर सगळा डोंगर एकदम जांभळा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ला फुलली होती, २०१६ला फुलली. फुलल्यावर झाड मरतं. बोंडं काडीवरच वाळून राहतात आणि पुढच्या पावसाची ओल लागली की तडकून बी उडतं.

लोक विचारतात, ह्यातून संयम शिकलास का? खरं सांगतो, तसं काही नाही. झाड संयम वगैरे ठेवत नाही, ते वाढत असतं. २००८ला मुलगी माझ्या कडेवर होती, २०१६ला ती माझ्या पुढं चढत होती आणि मला हात देत होती. त्या झाडीनं मला वेळ मोजायला दिली. धडा नसला तरी चालतं, असं मला वाटतं. बघणं हेही काम आहे.

मीनल_ठाणे
८ जुलै, सकाळी १०:००

धागा आवडला. एक तातडीची मदत हवी. आमच्या सोसायटीत मीटरच्या खोक्यावर मातीचं घर आहे, रानजाईंनी लिहिलंय तसंच मडकं. सेक्रेटरी म्हणतात गांधीलमाशी आहे, पेस्ट कंट्रोलला बोलावतो. लहान मुलं खेळतात तिथं. काय करू?

रानजाई
८ जुलै, सकाळी १०:३५

मीनल, गांधीलमाश्यांचं घर कागदासारखं असतं, त्याला उघड्या खणांची रांग असते आणि त्यावर पुष्कळ माश्या एकत्र दिसतात. त्या घराचं रक्षण करतात आणि चावतात, तिथं काळजी घ्यायलाच हवी. कुंभारमाशी एकटी राहते. मडक्याचं तोंड एकदा बंद केल्यावर ती बहुधा तिथं राखणीला थांबतही नाही. तिला हातात पकडलं तर नांगी मारेल, एरवी वाटेला जात नाही.

बघायचं एवढंच. मडक्याचं तोंड मातीनं बंद आहे आणि कुठंही भोक नाही, तर आत पिल्लू आहे. कडेला गोल भोक दिसलं तर ते निघून गेलंय, खुशाल खरवडून टाका. आधी सेक्रेटरींना दाखवा आणि मुलांनाही दाखवा. रोज भोक पडलंय का ते बघायचं काम त्यांनाच द्या. एक सूचना: मडक्यातून कधी कधी हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी लहान माशीही निघते. ती कुंभारमाशीच्या घरात चोरून अंडं घालणारी वेगळी जात आहे. मुलांना ती दिसली तर 'काहीतरी चुकलं' असं सांगू नका, तीही तिथलीच.

मीनल_ठाणे
८ जुलै, दुपारी १२:१०

भोक नाही. सेक्रेटरींना दाखवलं, थांबायला तयार झालेत. मुलांनी खोक्याशेजारी खडूनं तारीख लिहिलीये.

शिवारकर
८ जुलै, रात्री ८:४०

मंडळी, हे वाचून एक ठरवलंय. यंदा कापसाच्या एका बाजूच्या काही ओळी मी आठ दिवसांनी उलटून बघणार, किती मावा आणि किती ढालकिडे ते लिहिणार, आणि नुकसानीची पातळी गाठल्याशिवाय तिथं फवारणार नाही. लागलंच तर आधी निंबोळी अर्क. पोळ्यानंतर आकडे इथं टाकतो.

उलटतपासणी
८ जुलै, रात्री ९:१५

शिवारकर, उत्तम. फक्त ज्या ओळी फवाराल त्याही त्याच दिवशी, तेवढ्याच झाडांवर मोजा. नुसत्या न फवारलेल्या मोजल्या तर तुलना कशाशी करणार? आणि खर्चही दोन्हींचा वेगळा लिहा.

शिवारकर
८ जुलै, रात्री ९:२२

बरोबर बोललात. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा झाडांना सुतळी बांधून ठेवतो, म्हणजे दर वेळी तीच झाडं मोजता येतील. वेचणी पण त्यांची वेगळी तोलतो.